मध्यम वयातील विषाद आणि सुहृद-संपर्क

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात औषधालयाच्या काउंटरवर येणारे एक विशिष्ट गिऱ्हाईक आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. वय चाळीस ते पंचावन्न. दुकानात इतर कोणी असेल तर ते बाहेर मोटारसायकलजवळ थांबते, गर्दी कमी झाली की आत येते आणि हळू आवाजात विचारते, "शक्तीचं काही चांगलं आहे का?" आपण शिलाजिताच्या कॅप्सूल, अश्वगंधा चूर्ण किंवा एखादा पाक काढून देतो. पैसे देऊन ते निघून जाते. महिन्याभराने पुन्हा येते आणि या वेळी दुसऱ्या कंपनीचे मागते.

या रुग्णास नेमके काय झाले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. चिकित्सालयात येणारे याच वयाचे रुग्ण 'दम राहिला नाही', 'कशातच मन लागत नाही', 'रात्री तीनला जाग येते ती येतेच' अशा तक्रारी सांगतात. पुष्कळदा तपासण्या जवळजवळ प्राकृत असतात. नोकरी आहे, शेती आहे, मुले मार्गी लागत आहेत; बाहेरून पाहता उणे काहीच नाही. पाश्चात्य मानसशास्त्रात या अवस्थेस मध्यमवयीन पेचप्रसंग या अर्थाची संज्ञा आहे. ती एलियट जॅक्स या मूळच्या कॅनडातील मनोविश्लेषकाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे रूढ झाली. आपल्या आयुष्याला शेवट आहे हे मनुष्यास या वयात प्रथमच खऱ्या अर्थाने जाणवते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे ही कल्पना फार सैलपणे वापरली गेली. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहणीत, आपल्याला असा पेच आला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आढळले. त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत वयापेक्षा एखादी विशिष्ट घटना, जसे आजार, मृत्यू, नोकरी जाणे किंवा घरातील फूट, हेच कारण होते. म्हणजे चाळिशी आली की विषाद येणारच असे नव्हे. ही गोष्ट रुग्णास सांगितली तरी त्याला हायसे वाटते, असा अनुभव आहे.

ग्रंथोक्त विचार

चरकाचार्यांनी (विमानस्थान, अध्याय ८) मध्यम वय तीस ते साठ मानले असून ते पित्तधातुप्रधान सांगितले आहे. सुश्रुताचार्य (सूत्रस्थान, अध्याय ३५) चाळीसपर्यंत सर्व धातू, इंद्रिये, बल व वीर्य यांची संपूर्णता आणि त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित हानी सांगतात. 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा आहे. चाळिशीनंतर होणारी हानी अल्प व क्रमिक आहे, अकस्मात कोसळणारी नव्हे. शार्ङ्गधराने प्रत्येक दशकात एकेक भाव कमी होतो असे सांगताना शुक्राचा क्रम सातव्या दशकात ठेवला आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी एकाएकी 'शक्ती गेली' म्हणणाऱ्या रुग्णात म्हणूनच निव्वळ वयास दोष देऊन चालत नाही. कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण चरकाच्याच दोन अध्यायांत जोडून सापडते. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात रसवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे देताना गुरु, शीत, अतिस्निग्ध व अतिमात्र आहाराबरोबर अतिचिंतन हे कारण स्पष्टपणे सांगितले आहे. सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात रसप्रदोषज विकारांची यादी आहे. तीत अश्रद्धा, अरुची, गौरव, तंद्रा, अंगमर्द, अग्निनाश यांच्या जोडीने क्लैब्य आणि अकाली वळ्या पडणे व केस पिकणे हेही येते. आपल्या काउंटरवरच्या गिऱ्हाईकाचे संपूर्ण चित्र या एका यादीत आहे! जेवणाची गोडी नाही, अंग जड, दिवसा झापड, कामेच्छा मंद आणि केसांना कलप. हा शुक्रक्षय नसून बहुधा चिंतेने झालेली रसदुष्टी असते.

चिकित्सेच्या दृष्टीने येथे एक मोठी चूक घडते. त्याच अध्यायात रसज विकारांची चिकित्सा लंघन सांगितली आहे. आपण मात्र अग्नी मंद असलेल्या, वाढत्या पोटाच्या, चिंतेने रसवह स्रोतस अवरुद्ध झालेल्या माणसास पाक, घृत, दूध आणि बृंहण औषधे देतो. चार दिवस उत्साह वाटतो, नंतर पोट जड होते व रुग्ण 'गुण आला नाही' म्हणून निघून जातो. आधी दीपन-पाचन, हलका आहार, रात्रीचे जेवण लवकर, बल पाहून लंघन आणि मगच आवश्यक तर रसायन-वाजीकरण, हा क्रम सोडू नये.

परंतु लंघनाने दोषाचे पाचन होईल, अतिचिंतनाचे काय? त्यासाठी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातील सत्त्वावजय आहे, अहितकर विषयांपासून मनास आवरणे. नुसते 'चिंता करू नका' असे सांगणे म्हणजे सत्त्वावजय नव्हे. मनास एका जागेवरून हलवावयाचे तर दुसरी जागा द्यावी लागते. आचार्यांनी ती जागा बहुधा माणसांत दाखविली आहे. वाग्भटाचार्य कल्याणमित्रांची भक्तिपूर्वक संगत धरण्यास सांगतात. चरकाच्या उन्मादचिकित्सेत (चिकित्सास्थान, अध्याय ९) रुग्णास सुहृदाने धर्म व अर्थ यांना धरून असलेल्या वचनांनी आश्वासन द्यावे असा स्पष्ट निर्देश आहे. प्रिय वस्तूच्या नाशाने मन आहत झाले असेल तर तत्सदृश वस्तूची प्राप्ती, सांत्वन व आश्वासन हा उपाय सांगितला आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट वाजीकरणाच्या अध्यायातच आहे (चिकित्सास्थान, अध्याय २, तिसरा पाद). माष, दूध, तूप, पिंपळी असे योग सांगता सांगता चरकाचार्य मध्येच मित्रांचे वर्णन करू लागतात. समान वयाचे, समान सत्त्वाचे, समान शीलाचे, प्रिय बोलणारे, शोक व व्यथा नसलेले असे सवंगडी, ज्यांच्याजवळ निःशंकपणे बसता येते, त्यांच्या सहवासाने मनुष्य वृष होतो असे ते म्हणतात. म्हणजे मित्र हा वाजीकरण द्रव्यांच्याच पंक्तीत बसविला आहे. पदवी परीक्षेसाठी आपण हा अध्याय वाचला तेव्हा योगांतील द्रव्ये पाठ केली आणि हा भाग बहुतेकांनी ओलांडला. मीही ओलांडला होता.

नगरच्या किल्ल्यातील पत्रे

या संदर्भात आपल्याच शहरातील एक उदाहरण नेहमी आठवते. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, आचार्य कृपलानी यांच्यासमवेत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद तेथे होते. त्यांचा जन्म १८८८ चा. म्हणजे अटकेच्या वेळी वय त्रेपन्न. नेहरूंनी येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले हे सर्वांस ठाऊक असते. मौलाना काय करीत होते हे फारसे कोणास माहीत नसते. ते एका जुन्या स्नेह्याला, अलीगढकडील मौलाना हबीबुर रहमान खान शेरवानी यांना, पत्रे लिहीत होते.

ती पत्रे पाठविता येत नव्हती, हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. तरीही पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून ते लिहीत असत. विषय कोणते? चहाची चव, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, अंगणात लावलेली फुलझाडे, संगीत, बालपण, ईश्वरविषयक विचार. राजकारण जवळजवळ नाहीच. १९४६ मध्ये ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपात आली आणि उर्दू गद्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले. आजार वाढल्याच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारला काही विनंती करावयाची असल्यास ती पोहोचविण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दाखविली. मौलानांनी विनंती केली नाही. निधनानंतर दोनच दिवसांनी त्यांनी शेरवानींना पत्र लिहिले. त्यात ते कबूल करतात की, दिनचर्या न बदलता, सर्वांबरोबर नेहमीप्रमाणे जेवावयास बसून सारे शांतपणे सोसण्याचा आपण प्रयत्न केला. बाहेरून तो सफल झाला, आतून मात्र बहुधा नाही. घरातून निघताना पत्नी दारापर्यंत निरोप देण्यास आली होती, ती आठवणही त्याच पत्रात आहे. किल्ल्याच्या आवारातील एका जुन्या कबरीकडे पाहून त्या दिवसांत मनात काय येत होते तेही त्यांनी लिहिले आहे.

वैद्याच्या नजरेने पाहता आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. आपल्या आत्मकथनात मौलाना सांगतात की, अटकेच्या वेळी त्यांचे वजन १७० पौंड होते आणि नगरहून हलविले तेव्हा ते १३० पौंड झाले होते. भूक जवळजवळ नाहीशी झाली होती. किलोग्रॅममध्ये ही घट सुमारे अठरा. अश्रद्धा, अग्निनाश, कृशांगता: शोक आणि चिंतन यांनी रसधातूचे काय होते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. एवढ्या धैर्यवान पुरुषाच्या शरीरानेही मनाचा हिशेब मांडलाच. पत्रांनी शोक नाहीसा केला असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या गोष्टी किल्ल्यातील अकरा सहकाऱ्यांसमोर बोलता येत नव्हत्या, त्या बोलण्यास शेकडो मैलांवरचा एक जुना स्नेही त्यांना लागला, आणि तो समोर नसतानाही लागला.

मौलानांची स्थिती आपल्या रुग्णांहून सर्वस्वी वेगळी होती हे उघड आहे. तथापि, मध्यम वयात धक्का बसला असता मन जुन्या माणसाकडे का वळते, हे त्यातून समजते. नव्या ओळखीच्या माणसापुढे आपण आपल्या हुद्द्याने उभे असतो. जुन्या मित्राने आपल्याला हुद्दा मिळण्यापूर्वी पाहिलेले असते.

चिकित्सालयात काय करता येते

अशा रुग्णाची प्रथम शारीरिक तपासणी करावी. रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शक्य तर बी-१२ पाहिल्यावाचून 'मानसिक आहे' असे म्हणू नये. मद्यपानाबद्दल सरळ विचारावे. मधुमेह प्रथम क्लैब्याच्या तक्रारीतून उघडकीस आल्याची उदाहरणे प्रत्येकाकडे असतील.

त्यानंतर मी तीन प्रश्न विचारतो. लग्न आणि दहावा सोडून कोणाच्या घरी शेवटचे केव्हा जेवलात? रात्री दोन वाजता अडचण आली तर घराबाहेरच्या कोणाला फोन कराल? आणि कोणाशी बोलणे बंद आहे? पहिल्या दोन प्रश्नांना रुग्ण बराच वेळ गप्प राहतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र तत्काळ येते.

पारनेर तालुक्यातील एक सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ एका औषधालयाच्या मालकांनी माझ्याकडे पाठविले. तिसऱ्यांदा शक्तीची कॅप्सूल मागितल्यावर मालकांनी ती न देता चिठ्ठी दिली. धंदा बुडवून दिलेली ती चिठ्ठी मला मोलाची वाटते. निद्रानाश, अरुची, कामेच्छा मंद, रक्तदाब थोडा वाढलेला. तिसऱ्या प्रश्नावर ते म्हणाले, "थोरल्या भावाशी. अकरा वर्षं झाली." कारण विहिरीच्या पाण्याची पाळी. दोन्ही घरे एकाच बांधावर. समोरासमोर आले तर नजर खाली. दीपन-पाचन, रात्री लघु आहार, पादाभ्यंग आणि पहाटेचे चालणे सुरू केले. भावाकडे जा असे मी सांगितले नाही. एवढ्या जुन्या गाठीवर एकदम हात घातला तर ती अधिक घट्ट होते. शाळेतला कोणी सोबती आहे का, असे विचारले. होता, सुप्यास दुकान चालवीत होता. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन तासभर बसावयाचे, असे औषधाप्रमाणे केसपेपरवर लिहून दिले.

दीड महिन्यात झोप सुधारली, वजन दोन किलोने उतरले. त्याच मित्राने गावच्या जत्रेत दोघा भावांना एका पंगतीस शेजारी बसविले. पाण्याचा दावा अजून कोर्टात आहे आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. परंतु थोरले बंधू गुडघेदुखीसाठी आले तेव्हा त्यांना मोटारसायकलवर घेऊन येणारे हेच गृहस्थ होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय थोडा निराळा आहे. सुश्रुतांनी रजोनिवृत्तीचे वय पन्नास सांगितले आहे. त्या सुमाराची उष्णता, घाम, चिडचिड, अनिद्रा यांची चिकित्सा आपण करतो. परंतु मुले पुण्या-मुंबईस गेलेली, सासू-सासरे वृद्ध, आणि स्वतःस विचारणारे कोणी नाही, ही स्थिती औषधाने बदलत नाही. माहेराबद्दल विचारावे. वडिलांच्या पश्चात हक्कसोडपत्रावर सही करण्यावरून किंवा न करण्यावरून माहेरचे दार बंद झालेल्या कितीतरी स्त्रिया आपल्याकडे आहेत आणि त्या हे आपण होऊन कधीच सांगत नाहीत. अशा वेळी भावाशी समेट होईपर्यंत थांबू नये. बहीण, मावसबहीण, शाळेतली मैत्रीण यांच्यापैकी कोणीही चालते. संगमनेरच्या एका भगिनींनी तीस वर्षांनी वर्गमैत्रिणीचा पत्ता शोधून काढला; घाम व उष्णता तशीच राहिली, पण पुढच्या वेळी त्या प्रथमच घरच्यांशिवाय एकट्या तपासणीस आल्या आणि तासभर बोलल्या.

दहावीच्या वर्गमित्रांचे व्हॉट्सॲप समूह व स्नेहमेळावे हल्ली गावोगावी होत आहेत. त्यांचा उपयोग आहे, परंतु माझे मत थोडे सावध आहे. पन्नास जणांच्या मेळाव्यात कोणाची गाडी मोठी, कोणाचा मुलगा परदेशी याचीच मोजणी होते आणि आधीच खचलेला माणूस अधिक खचून परततो. चरकाने सांगितलेला मित्र 'विशोक' आणि 'विश्रब्ध' बसता येण्याजोगा हवा. तो पन्नासांत एखादाच असतो. मेळाव्यातून तो हेरावा आणि पुढे त्याच्याकडे एकट्याने जावे. जुन्या मैत्रीच्या नावाने साखळी-योजनेत पैसे गुंतवावयास लावणारे, उसनवारी मागणारे किंवा पुन्हा बाटलीकडे नेणारे भेटतात, याची सूचना रुग्णास आधीच द्यावी. ज्या नातेवाइकाने मारहाण वा छळ केला आहे त्याच्याकडे परत जाण्याचा सल्ला कोणासही देऊ नये.

संपर्काचा परिणाम केवळ मनावर होतो असे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली गेली. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची अभ्यासकाळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा जणांपैकी एकास एकटेपणा जाणवतो.

औषधालय-मालकांसाठी

शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिल्डेनाफिलची भेसळ आढळल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णात रक्तदाब एकदम उतरून प्राणावर बेतू शकते. बिल, बॅच क्रमांक व उत्पादकाचा परवाना नसलेला माल ठेवू नये. लैंगिक शक्तीचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. दुकानाबाहेर लावलेला फलकही जाहिरातच होय.

एकच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा तेच मागू लागले तर त्यास वैद्याकडे पाठवावे. 'जगण्यात अर्थ नाही', 'माझ्यावाचून कोणाचे अडणार नाही' असे शब्द बोलण्यात आले, किंवा कोणी शेतीच्या औषधाचा उल्लेख विचित्र रीतीने केला, तर हा विषय सुहृद-संपर्काचा उरत नाही. त्या दिवशीच घरच्यांना बोलावून मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, तोवर रुग्णास एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे; तेथे विनामूल्य व मराठीतही बोलता येते. हा क्रमांक काउंटरच्या काचेवर आतील बाजूने चिकटविल्यास गिऱ्हाईकास विचारण्याचा संकोच होत नाही.

ज्या वैद्यबंधूंनी व भगिनींनी अशा रुग्णांत रसवह स्रोतसाच्या अंगाने चिकित्सा केली असेल, त्यांनी रुग्णाचे नाव-गाव वगळून आपल्या नोंदी संपादकांकडे पाठवाव्यात. विशेषतः लंघन किती दिवस दिले, झोप केव्हा सुधारली आणि वाजीकरण औषधाची पुढे गरज पडली की नाही, एवढ्या तीन गोष्टी अवश्य कळवाव्यात. माझ्याकडील नोंदी थोड्याच आहेत आणि त्यांपैकी निम्मे रुग्ण दुसऱ्या तपासणीनंतर आलेले नाहीत.